दिसायला गाडी की बसायला

त्या संध्याकाळी आपण दोघं पडवीत बसून गाडीच्या टाकीचा रंग खरवडत होतो. माझ्या हातात पत्र्याची पट्टी, तुझ्या हातात मासळीची खवलं काढायची सुरी. मी म्हटलं, "नंदे, धार जाईल तिची." तू म्हणालीस, "जाऊ दे. आता कुठे रोज पाटीभर मासळी कापायची हाय?" आणि शेपटीकडून डोक्याकडे खवलं काढतात तशी तू टाकी मागून पुढे खरवडत गेलीस. तुझी बाजू माझ्याआधी साफ झाली. तू माझ्याकडे बघितलंस, पण बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

वर नारिंगी रंग. त्याच्या खाली हिरवा. त्याच्या खाली निळा, चांगला जाड. सगळे होडीचे रंग. नारळी पुनवेच्या आधी जेटीवर होड्या रंगवायला काढतात, तेव्हा डब्याच्या तळाला जो रंग उरेल तो तू मागून आणायचीस आणि ब्रशनं गाडीला फासायचीस. ज्या वर्षी ज्याचा रंग उरला, त्या वर्षी आपली गाडी त्याच्या होडीची बहीण. लोक विचारायचे, समुद्रात घालणार काय? तू एकेक थर काढताना सांगत होतीस, हा कुणाचा, त्या वर्षी पापलेट कसं आलं होतं. मी अर्धंच ऐकत होतो. मला तळाचा रंग बघायचा होता.

नखाएवढा तळ दिसला. मी ओरडलोच. "बघ, मरून! मी काय म्हणत होतो?"

"काळी होती."

"अगं समोर दिसतंय."

"दिसतंय तेवढंच दिसतंय. मास्तरांकडनं आपण काळी गाडी आणली. मागचं मडगार्ड खरवडा, मग बोला."

"ते उद्या."

"उद्या तर उद्या."

माझ्या खांद्यावर हात ठेवून तू उठलीस. गुडघा कटकन वाजला. आत जाऊन भात टाकलास, बांगडे तळलेस. माझ्या ताटात डोकं वाढलंस आणि तुझ्यात शेपटी घेतलीस. बस. एवढंच. नंतरचं सगळ्या वाडीला माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

आपला राजू पनवेलहून आला. म्हणाला, "बाबा, पेपरात फोटो देऊया. मी मजकूर केलाय. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ." मी म्हटलं, मनमिळाऊ? तुझी आई जेटीवर उभी राहिली की लिलाववाला आधी खाकरून घसा साफ करायचा. तो फोटो राहू दे, मीच लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकली तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून वाचावी.

बसायला येणारी माणसं पडवीतच बसली. मध्ये गाडी उभी. टाकी अर्धी नारिंगी, अर्धी खरवडलेली. कुणाला तरी ते बरं दिसेना, त्यानं तिच्यावर चादर घातली. मी काढली. परत घातली. मी परत काढली. म्हटलं, चादर घालायला ती मेलेली नाही. मला वाटतं तू असतीस तर हसली असतीस, आणि मग त्या माणसाला चहा दिला असतास. मला चहाचं सुचलं नाही.

आपलं भांडण काय होतं ते तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला सांगायला पाहिजे.

गाडी जुनी, दोन सायलेन्सरची. किक आणि गिअर एकाच दांडीचे. ही आपण शाळेतल्या मास्तरांकडून घेतली आणि तिच्यावर मासळी विकली. पहाटे जेटीवर लिलाव, तिथून गावोगाव. मग टेम्पोवाले आले, आपले गुडघे गेले, आणि गाडी पडवीत जुन्या जाळ्याखाली उभी राहिली. यंदा मला लहर आली. हनीफभाई मिस्त्रीला बोलावून इंजिन चालू करून घेतलं. त्यानं खाली वाकून चासी बघितली आणि मला विचारलं, "काका, समुद्राकाठची गाडी, आणि चासी अशी धड कशी?" मी म्हटलं, होडीचा रंग. तू आतून ओरडलीस, "माशाचं तेल!" पावसाच्या तोंडावर होडीच्या लाकडाला लावतात ते तेल तू गाडीला खालून चोपडायचीस. पावसाळाभर मांजरं सीटवरून उतरायची नाहीत. रंगानं वाचली की तेलानं, हे हनीफभाईला पण सांगता आलं नाही. अजून मला ते जाणून घ्यायचं आहे. कुणाला विचारायचं?

आता पुढे गाडीचं करायचं काय, तिथं आपलं अडलं. मी म्हणत होतो, कंपनीतून निघाली तशी करू. उजव्या अंगाला मासळीच्या पेटीसाठी जी लोखंडी चौकट जोडली ती कापायची. डाव्या अंगाला तुझ्या पायासाठी ठोकलेली फळी काढायची. सायलेन्सर चकचकीत, सीट नवी, टाकी मरून. तू म्हणत होतीस, त्यापेक्षा डाव्या बाजूला माणूस बसायची पेटी लावा. जुन्या सिनेमात पोलिसांच्या गाडीला असते तशी, तिसरं चाक असलेली. हनीफभाईनं सांगितलं तिला साइडकार म्हणतात. तू पेटीच म्हणालीस.

"कंपनीतून आली तेव्हा मी होते काय तिच्यावर?"

"नव्हतीस."

"मग ती गाडी कोणाची?"

"मास्तरांची."

"मग मास्तरांना करून द्या. आमची आमाला ठेवा."

तुझं हे असं. एकदम गळ्यालाच हात.

मी समजवायला बघितलं. म्हटलं, नंदे, आयुष्यभर ह्या गाडीवरून बर्फाचं पाणी गळलं. सीटच्या शिवणीत खवलं अडकली. आपण तिचं काय करून टाकलं ते मला माहीत आहे. आपल्या आधी ती कशी होती, हे एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. दुसरं काही नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "दिसायला गाडी पायजे की बसायला? एवढंच सांगा."

"दिसायला," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

"मग झालं. तुमी चकचकीत गाडीवर बसून जा, मी दारातनं टाटा करते. माझ्या गुडघ्याला आता मागे चढवत नाय."

तुला जयगडला जायचं होतं, भावाकडे. बंदरात मोठी जहाजं लागतात ती जवळून बघायची होती. खुर्चीत बसल्यासारखं बसून जायचं, कुणाच्या पाठीला धरून नाही. मी म्हटलं, एसटीनं जा. तू म्हणालीस, "एसटीत मी एकटी जाईन. तुमाला कोण आणील?"

आणि हनीफभाईनं तर आधीच सांगून ठेवलं होतं. "काका, काकी, एकदा काय ते ठरवा. पेटी लावायची तर चासीला पकडी वेल्डिंग करायला लागतील, पासिंगचं पण बघायला लागेल. मग ती कंपनीची गाडी राहणार नाय. आणि कंपनीसारखी केली की तिच्यावर मी पुन्हा वेल्डिंगची ठिणगी पाडणार नाय. दोन्ही होणार नाय." आपण म्हटलं, ठरवू. रंग तरी खरवडून ठेवू. आणि खरवडायला बसलो.

आता ठरवायला मी एकटा. लोकांना वाटतं सोपं झालं. ऐक, कसं सोपं झालं ते. माझ्या मनासारखी केली, तर तू नाहीस म्हणून माझं खरं झालं. म्हणजे समोरचा गडी उठून गेला आणि मी रिकाम्या मैदानात उड्या मारतोय. तुझ्या मनासारखी केली, तर तूच म्हणशील, "मेल्यावर ऐकलंव! आधी कानात काय कापूस होता?" आणि तुझ्या नावानं दान केल्यासारखी ती पेटी लावायची, हे मला नको. भांडणात दान नसतं. तू मला कधी सूट दिली नाहीस, मी तुला दिली नाही. म्हणून तर इतकी वर्षं निभलं.

दहाव्याला खाडीवर गेलो. पिंड ठेवला. कावळा येऊन समोरच्या माडावर बसला, पण उतरेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, तिला शब्द द्या. राजू म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, पोराचं सगळं व्यवस्थित होईल. नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. राजू कानात म्हणाला, "बाबा, गाडीचं बोला. पेटी लावतो म्हणा. हो म्हणायला काय जातंय?"

मी म्हटलं, "नंदे, अजून ठरलं नाही. ठरलं की सांगतो."

भटजींनी कपाळाला हात लावला. तुझा भाऊ पुटपुटला, "निदान आज तरी, भावोजी." पण तू जिवंत असताना मी हो म्हटलं नाही, ते आता कावळ्यासाठी म्हणू? कावळा थोडा वेळ तसाच बसला आणि मग उतरला, पिंडाला चोच लावून गेला. बाकीचे म्हणतात, वारा पडला म्हणून उतरला. मला ते काही माहीत नाही. तुला खोटं ऐकायचं नव्हतं एवढं मला पटलं.

कार्य झाल्यावर राजूनं मोबाइल काढला. त्याला तिसरंच सुचलं होतं. "बाबा, आता अशा गाड्या कस्टम करून घेतात. हे बघा." बघितलं. गाडी काळीकुट्ट, चकाकी नाही. मडगार्ड कापलेलं, हँडल खाली. इंजिन तेवढं आपल्यासारखं. चांगली होती, खोटं बोलणार नाही. धावून यायच्या बेतातल्या रानडुकरासारखी ताठ. मी बोट लावून मोठं करून बघितलं.

"ह्याला मागे सीट नाही?"

"नाय. सिंगल सीट असते. स्टाईल आहे ती."

"मग तुझी आई कुठे बसली असती?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. मी त्याला हाणायला बोललो नव्हतो, गं. मला खरंच विचारायचं होतं. पण नंतर त्यानं मला चहा करून दिला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. म्हणाला, "आई मागे कशी बसायची, आठवतं तुम्हाला?"

मला आठवतं काय? मी तर पुढे असायचो. तू बसलीस की गाडी दबायची, तेवढंच. त्याला दगडांचं सांगितलं. तो पोट धरून हसला. तू गेल्यावर पहिल्यांदा घरात कुणीतरी हसलं, म्हणून इथं पण सांगतो.

तू साडीत, दोन्ही पाय डावीकडे टाकून बसायचीस. तुझं वजन डाव्या अंगाला, म्हणून मासळीची पेटी उजव्या अंगाला. तू आणि मासळी असा काटा बरोबर. गाडी तीरासारखी सरळ. पण मासळी विकत विकत गेलो की पेटी हलकी व्हायची आणि परत येताना गाडी तुझ्याकडे झुकायची. होडी रिकामी परत येताना तोल राहायला तळात दगड घालतात, निरम म्हणतात त्याला. मी पण होडीवर वाढलेला. एक दिवस नेवऱ्याला रस्त्याकडेच्या दगडी गडग्यातले दोन चिरे काढले आणि गुपचूप पेटीत ठेवले. तू घरी आल्यावर पेटी धुवायला उघडलीस.

"हे काय?"

"निरम."

"कशाला?"

"तोलाला."

"कोणाच्या तोलाला?"

तेव्हा मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "तुझ्या." ते दोन चिरे तू उचलून माझ्या जेवणाच्या पाटासमोर मांडलेस. त्यांच्यावर ताट ठेवलंस. "जेवा," म्हणालीस, "उंच बसवलंय तुमाला." पण दुसऱ्या दिवसापासून परत येताना पेटीत चिरे तूच ठेवायचीस. गाडी सरळ चालते, हे तुला पटलं होतं. माझं बरोबर असेल तर तू ते करायचीस, फक्त तोंडानं म्हणायची नाहीस.

राजू आत झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, काही काम नव्हतं, म्हणून मी तुझी सुरी घेतली आणि मागच्या मडगार्डला बसलो. नारिंगी. हिरवा. निळा. त्याखाली, नंदे, काळा.

मी थुंकी लावून पुसला. काळाच. बाजूच्या टूल बॉक्सचं झाकण खरवडलं. काळं. चासी काळी. पुढे येऊन टाकी बघितली. मरून. पुढचं मडगार्ड? तिथं मात्र मरून आणि काळी रेघ. म्हणजे आपण दोघंही खोटं बोलत नव्हतो. चालवणाऱ्याच्या डोळ्यापुढे टाकी असते. मागे बसणाऱ्याला मागचं मडगार्ड आणि टूल बॉक्स. इतकी वर्षं आपण एका गाडीवर बसलो आणि दोन रंगांच्या गाड्यांवर फिरलो.

माझ्या डोक्यात किडा शिरला. एवढ्या तीन हातांच्या गाडीत तू वेगळं बघत होतीस, तर रस्त्यावर काय काय बघत होतीस? मला रस्ता माहीत आहे असं मी समजत होतो. मला खड्डे माहीत आहेत. ट्रकचे मागचे फाळके माहीत आहेत. कुठल्या वळणावर वाळू येते, कुठे कुत्रं आडवं येतं. तू मागून काहीतरी सांगायचीस, वाऱ्यात मला निम्मं ऐकू यायचं, मी म्हणायचो, "हां." कशाला हां म्हणत होतो देव जाणे.

राजूला हाक मारली. म्हटलं, "उद्या सकाळी गाडी काढायची. आपल्या मासळीच्या रस्त्यानं, आरे-वारेवरून नेवऱ्यापर्यंत. तू चालवायची."

"आणि तुम्ही?"

"मी मागे. तुझी आई बसायची तसा."

"एक पाय इकडे एक पाय तिकडे टाकून बसा, बाबा. लोक हसतील."

"आई बसायची तसा," मी म्हटलं.

सकाळी गाडी दारात काढली. राजूनं किक मारली. मी पडवीच्या पायरीवरून मागे बसायला गेलो आणि पहिल्यांदाच कळलं की बसायचं कसं हे मला येत नाही. पाय फळीवर ठेवला तर कंबर सीटवर पोचेना. कंबर टेकली तर फळी पायाला सापडेना. पाठीमागे चौकटीचा पाइप टोचतोय. राजू म्हणतो, "बसलाव?" मी म्हणतो, "थांब." शेवटी बसलो. दहा पावलं गेलो तर राजू म्हणाला, "बाबा, गाडी डावीकडे ओढतेय." मी उतरलो, गडग्यातला एक चिरा उचलून उजवीकडच्या चौकटीत ठेवला आणि परत चढायचे कष्ट केले.

नाक्यावर भाजीवाली बसली होती, तुझी मैत्रीण. तिनं बघितलं आणि टोपलीत तोंड लपवून हसली. मग मोठ्यानं म्हणाली, "काय ओ, सासरी चाललाव काय?" मी म्हटलं, "चाललोय. पोचवायला मुलगा आलाय." गाडी पुढे गेल्यावर तिनं पदर डोळ्याला लावला, ते पण मला दिसलं. पुढे बसलो असतो तर दिसलं नसतं.

आता सांगतो काय झालं ते. वारेच्या उतारावर गाडी लागली आणि माझ्यासमोर एकदम सगळा समुद्र उघडला. आडवा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरूची झाडं एकेक करून पुढून सरकत जात होती आणि त्यांच्यामागे पाणी. मी ह्या रस्त्यावरून किती वेळा गेलो असेन, आणि मला समुद्र माहीत होता तो कोपऱ्यातून. डाव्या डोळ्याच्या कडेला निळं काहीतरी. तू मात्र त्याच्याकडे तोंड करून बसत होतीस. सिनेमाला बसल्यासारखी. आणि मी पुढून विचारायचो, झोपलीस काय?

पण बसणं, नंदे, ते वाईट. वळणावर मी राजूचा शर्ट मुठीत धरला. खड्ड्यात कणा खालून वर ठोकला जातो. डाव्या सायलेन्सरची धग पोटरीला. पाठ टेकायला काही नाही. एका हातानं काय काय धरायचं? तू तर मांडीवर तराजू आणि सुट्ट्या मासळीची पिशवी घेऊन बसायचीस. मला दोन्ही हात कमी पडत होते.

उतार संपल्यावर सरबत-शहाळ्यांची टपरी आहे. टपरीतली बाई वाकून काहीतरी धूत होती. गाडीचा आवाज ऐकला आणि न बघताच तिनं हात वर केला. मग मान वर केली. समोर मी. बाजूला पाय टाकून बसलेला म्हातारा. तिचा हात तसाच वर राहिला. मी पण माझा केला. राजूला म्हटलं, "थांबव."

"काकी नाय आल्या?" तिनं विचारलं.

"नाही. गेली."

तिनं ओला हात तोंडावर धरला. बाकड्यावरची बाटली बाजूला करून मला बसायला जागा केली. म्हणाली, "आवाजावरनंच कळायचं. एवढ्या वर्षांनी गाडीचा आवाज आला तर म्हटलं काकीच."

"ती हात करायची?"

"रोज. पण जातानाच करायच्या. एकदा मी विचारलं, काकी, येताना का नाय ओ बघत? तर म्हणाल्या, येताना माझं तोंड डोंगराकडे असतं गो. तू माझ्या पाठीला पडतेस. म्हणून आताच दोन वेळचा करून घेते."

मी विचारलं, "अजून कुणाला करायची?" तिनं बोटांवर मोजलं. पुढे पुलापलीकडची म्हातारी, तिच्या शेजारचा न्हावी, नेवऱ्याच्या फाट्यावर दळणाची बाई. ही सगळी जातानाची. येतानाची वेगळी, ती तिला ठाऊक नव्हती. तिकडची माणसं तिकडेच विचारायला लागतील.

मला कळलं ते एवढंच. तुला तो रस्ता अर्धा अर्धा दिसत होता. जाताना समुद्र, येताना डोंगर. जातानाची माणसं येताना पाठीला. तू कधी कुरकुर केली नाहीस, कारण तो पाठीमागे बसायचा नियमच आहे असं आपण दोघंही धरून चाललो. आणि तू जेव्हा म्हणालीस, पेटी लावा, समोर तोंड करून बसायची, तेव्हा मला वाटलं तुला आरामात बसायचं आहे. बसायचं होतंच. पण बघायचं पण होतं. दोन्हीकडचं. मला गाडी बघायची होती, तुला गाडीतून.

परत येताना मी तसाच बसलो. आता तोंड डोंगराकडे. कातळ, करवंदीच्या जाळ्या, एक माणूस माडाची झापं वाहून नेताना. टपरी कधी आली ते समजलंच नाही. मी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळत नाही आणि हात सोडवत नाही. मागून तिची हाक आली, "काका, या परत." मी कुणाला दिसेल न दिसेल अशा बेतानं, पाठीमागे हात केला.

राजूला म्हटलं, घरी नको, गाडी हनीफभाईकडे घे.

हनीफभाई गॅरेजसमोर चहा पीत होता. मला उतरवायला त्याला आणि राजूला दोघांना हात द्यायला लागला. पाय जमिनीला लागल्यावर मी गाडीला धरून थोडा उभा राहिलो.

"काय काका, ठरलं?"

"ठरलं. पेटी लाव."

राजू हळूच म्हणाला, "बाबा, पण आता तिच्यात बसणार कोण?"

"आधी मी. मला जयगडची जहाजं बघायची आहेत. तू चालवशील. मग ज्याला बसायचं तो बसेल, टपरीवालीला बसायचं असेल तर तिला पण ने."

नंदे, पेटीचं तुझं बरोबर होतं. तू मेलीस म्हणून नाही म्हणत, बसून बघितलं म्हणून म्हणतो. रंगाचं मात्र माझं ऐकायला लागेल. टाकी मरून, मागचं काळं, आणि नारिंगी कुठेही नाही. ह्यावर तुला काय म्हणायचं असेल ते मला माहीत आहे, ते म्हण.

हनीफभाईनं टेप काढली, डाव्या बाजूला उकिडवा बसला. चासीचं माप घेतलं, चाकाचं घेतलं, खडूनं फरशीवर रेघा मारल्या. मग वर बघून त्यानं विचारलं, "काका, आत पाय टाकायची कड किती उंच ठेवू?"

मी त्याच्याजवळ गेलो आणि माझ्या नडगीवर, घोट्याच्या थोडं वर हात आडवा धरला.

"ह्याच्या खालीच ठेव. गुडघा उचलायला लागता नये."